चाळीस रुपयांची कोंबडी

 

संध्याकाळी साक्रीच्या स्टँडवर उतरलं की दोन वास एकदम नाकात शिरतात. एक भुर्जीच्या तव्याचा, दुसरा चायनीजच्या कढईचा. आपली पोरं तिथंच घुटमळतात. चिकन चिली, लॉलीपॉप, भुर्जीपाव. पाच मिनिटांत प्लेट हातात आणि पैसेही फार नाहीत. आम्हीही खातो, खोटं कशाला बोला. गाडीवाल्याला आज आम्ही काही बोलणार नाही. तोही आपल्यातलाच, रात्री बारापर्यंत उभा असतो आणि सकाळी पुन्हा कांदा चिरायला बसतो.

आजचा विषय निघाला तो एका प्रश्नावरून. थोड्या दिवसांच्या अंतराने दोन बचत गटांनी आम्हाला तेच विचारलं. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, आपण फक्त शेड टाकायची. तर ब्रॉयलरच्या शेडसाठी गटाचं कर्ज काढावं का? काढावं किंवा काढू नये, एवढंच सांगून मोकळं होता आलं असतं. पण हा प्रश्न ऐकला आणि आम्हाला २००६ सालचा फेब्रुवारी आठवला. तेव्हा लग्न होऊन नुकत्या सासरी आलेल्या बाया आज सासवा झाल्या आहेत आणि नव्या सुनांना तर ते काही ठाऊकच नाही. म्हणून ती हकीकत आधी.

त्याआधी परसातल्या कोंबडीबद्दल थोडं बोलायला हवं.

जमीन सासऱ्याच्या नावावर, बैल नवऱ्याचे, दुधाचे पैसे डेअरीतून ज्याच्या खात्यात जायचे त्याच्याच खात्यात जातात. कोंबडी मात्र बाईची. कोणी कागद केलेला नाही, पण आपल्याकडे हे सगळ्यांना मान्य आहे. पोराला वही हवी, चार अंडी विकली. पोरीला ताप आला, कोंबडा बाजारात नेला. बहीण नव्यानं संसार मांडते आहे, तर तिला एक तलंग द्यायची, पिल्लं झाली की निम्मी आपली निम्मी तिची. पाहुणा आला, कोंबडी. पिंपळनेर-दहिवेलच्या पट्ट्यात डोंगऱ्यादेव बसला, कोंबडी. ही कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, खुडूक बसते, दहा पिल्लं काढते, त्यातली चार मुंगूस आणि घार नेतात. उकिरडा उकरून पोट भरते. तिच्यावर खर्च म्हणाल तर मूठभर दाणे आणि रात्री डालगं झाकायचे कष्ट.

पण या कोंबडीवर गाडी चालत नाही. गाडीवाल्याला रोज सकाळी, सारख्याच वजनाची, ठरल्या भावाची वीस कोंबडी लागते. हॉटेलवाल्याला दोनशे लागते. ज्या कंपनीची दुकानं शंभर गावांत आहेत तिला लाखांनी लागते आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखाच दिसावा लागतो. गावठी कोंबडी पाच-सहा महिन्यांनी हाताशी येते, तीही आपल्या मर्जीनं. ही मागणी पुरवायची तर वेगळीच कोंबडी लागते, आणि तिला ठेवायला वेगळं घर.

गंमत अशी की ते वेगळं घर एका बाईच्याच परसात सुरू झालं. अमेरिकेत डेलावेअर नावाच्या राज्यात सेसिल स्टील ही बाई अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळायची, आपल्यासारख्याच. १९२३ साली तिनं ५० पिल्लं मागवली आणि पाठवणाऱ्याच्या चुकीनं ५०० आली. तिनं ती परत केली नाहीत. छोटं खोपट बांधून वाढवली आणि अंड्यांची वाट न बघता मांसासाठी विकली. पैसे इतके चांगले आले की तीनच वर्षांत तिच्याकडे दहा हजार पिल्लांची सोय झाली. शेजारीपाजारी तेच करू लागले. खास मांसासाठी कोंबड्या वाढवण्याचा मोठा धंदा तिथून वाढला असं मानतात, आणि तिचं ते खोपट आज तिकडे ऐतिहासिक वास्तू म्हणून जपून ठेवलं आहे.

पुढे मात्र धंदा बायांच्या हातात राहिला नाही. खाद्य विकणाऱ्यांनी पिल्लं उधार द्यायला सुरुवात केली. मग पिल्लं, खाद्य, कत्तलखाना सगळं एकाच कंपनीचं झालं आणि शेतकरी फक्त शेडचा धनी उरला. १९८३ साली मॅकडोनाल्डने अमेरिकेभर कोंबडीचे तळलेले लहान तुकडे विकायला काढले, तसा हा धंदा आणखी फुगला. आता कोंबडी सोलायची, कापायची, पिठात घोळवायची, तळून गोठवायची असे कारखाने निघाले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या हॅमलेट गावी असाच एक कारखाना होता. हॉटेलांना कोंबडीचे तुकडे पुरवायचा. ३ सप्टेंबर १९९१ च्या सकाळी तिथे आग लागली. बाहेर पडायच्या दारांना कुलपं होती, कामगार कोंबडी चोरून नेतील म्हणून. २५ माणसं मेली, त्यात बऱ्याच बाया होत्या, एकटीनं लेकरं वाढवणाऱ्या. कारखान्याच्या मालकाला पुढे शिक्षा झाली. पण ते तुकडे ज्यांनी हॉटेलात बसून खाल्ले, त्यांना त्या कुलपाची खबरबात कुठून असणार?

आपल्याकडे हे यायला वेळ लागला. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुण्याची ही कंपनी पुढे देशातली मोठी कोंबडी कंपनी झाली. परदेशी वाणाची पिल्लं इथेच तयार होऊ लागली. १९८२ साली अंडी उत्पादकांची समन्वय समिती झाली आणि अंड्याचा रोजचा भाव पेपरात, टीव्हीवर दिसू लागला. हे सगळं वाईट होतं असं आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात अंडं फक्त आजारपणात फुटायचं, तिथे ते रोजच्या खाण्यात आलं ते या शेडमुळेच. १९९५ मध्ये बंगळुरूत केएफसीचं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा कर्नाटकातल्या रयत संघाच्या शेतकऱ्यांनी त्याच्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं. आपल्याकडे कंपनीच्या दुकानाआधी हातगाडी आली. पण गाडीवरची कोंबडीही त्याच शेडमधली.

आणि आपल्या भागातल्या शेडा म्हणजे नवापूर.

साक्रीहून सुरतेच्या रस्त्याला लागा. दहिवेल, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी आणि मग नवापूर. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी नवापूर आपल्याच धुळे जिल्ह्यात होतं. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तोच तर नवापूरचा फायदा, सुरतेची बाजारपेठ हाताशी. अंड्यांच्या मोठमोठ्या पोल्ट्र्या तिथे उभ्या राहिल्या, गावाभोवती पन्नासेक तरी. एकेका पोल्ट्रीत हजारो कोंबड्या, पिंजऱ्यांत रांगेनं. मालक बहुतेक गावातले व्यापारी लोक. शेण उचलणं, अंडी वेचणं, खाद्य टाकणं, मेलेली कोंबडी बाहेर काढणं, ही कामं आजूबाजूच्या पाड्यांवरच्या आदिवासी बायामाणसांची. त्यांच्या घरी परसात आपल्यासारख्याच पाच-दहा गावठी कोंबड्या. दिवसभर शेडमध्ये काम आणि संध्याकाळी त्याच पायांनी, त्याच लुगड्यानं घरी. ही गोष्ट लक्षात ठेवा.

२००६ च्या जानेवारी संपता संपता आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथल्या शेडमध्ये कोंबड्या मरू लागल्या. रोज थोड्या, मग हजारांनी. सगळ्यांना वाटलं रानीखेत असेल, आपण जिला मानमोडी म्हणतो ती. मानमोडी काही नवी नव्हती. मेलेल्या कोंबड्या उचलायच्या, पुरायच्या, टाकायच्या आणि पुढच्या कामाला लागायचं. निदान होईपर्यंत हातमोजे आणि तोंडाला फडकं यांचा प्रश्नच नव्हता. कोणी उचलल्या असतील त्या कोंबड्या, तुम्हीच विचार करा. मालक तर नाहीच.

नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. १८ फेब्रुवारीला सरकारनं जाहीर केलं की हा बर्ड फ्लू आहे, एच-५-एन-१. भारतात पहिल्यांदाच.

या रोगाचं नाव तेव्हा सगळ्या जगाला धडकी भरवत होतं. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये तो माणसांत आला, १८ जणांना झाला आणि ६ जण गेले. तिथल्या सरकारनं शहरातल्या सगळ्या, १३ लाखांच्या आसपास, कोंबड्या मारून टाकल्या होत्या. पुढे व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियात माणसं दगावली. त्यामुळे नवापुरात सरकार घाबरलं ते चुकीचं नव्हतं. आज दोष काढायला बसलो तरी हे मान्य केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून पांढरे झगे, चष्मे, मोजे घातलेली पथकं उतरली. रोग सापडलेल्या जागेपासून तीन किलोमीटरच्या आतला प्रत्येक पक्षी मारायचा, असा नियम. खड्डे खणले, चुना टाकला आणि पहिल्या काही दिवसांतच लाखांनी कोंबड्या पुरल्या. घरोघर ताप तपासत आरोग्याची माणसं फिरली, काहींना दवाखान्यात वेगळं ठेवलं. त्यांचे नमुने पुण्याला तपासले आणि देवाची कृपा, माणसांत रोग सापडला नाही. टीव्हीची वाहनं आली. पेपरात रोज फोटो. नवापूरच्या माणसाला पाहुण्यांनी दारात उभं करेना, असे ते दिवस.

शेडमधली कोंबडी मारणं सोपं, ती पिंजऱ्यात असते. पण तीन किलोमीटरच्या त्या गोलात पाडेही होते. पाड्यावरची कोंबडी झाडावर झोपते, कुडाखाली शिरते, नाल्यात पळते. तिला धरायला पहाटे नाहीतर रात्री जावं लागतं. पांढऱ्या झग्यातली अनोळखी माणसं अंगणात शिरतात, मराठीत किंवा हिंदीत काहीतरी सांगतात आणि धडधाकट कोंबड्या पोत्यात भरून नेतात. ज्या बाईची बोली मावची किंवा कोकणी, तिला यातलं किती कळलं असेल? रोग म्हणजे काय, तो दिसत का नाही, तिची कोंबडी तर दाणे टिपते आहे. तिनं कोंबडी टोपल्याखाली लपवली तर आम्ही तिला अडाणी म्हणणार नाही. आपण काय केलं असतं?

आणि आपल्या अहिराणी मुलखालाही ते चुकलं नाही. मार्चच्या मध्यावर जळगाव जिल्ह्यातल्या चार गावांत रोग सापडला. हातेड, मारूळ, सावदा ही त्यांतली नावं. तिथे नवापूरसारख्या पोल्ट्र्यांची रांग नव्हती. गेल्या त्या बहुतेक घरच्या कोंबड्या, हजारोंनी. तिकडे गुजरातेत उच्छल आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडेही तेच झालं. त्या दोन महिन्यांत सगळीकडच्या मिळून दहा लाखांच्या आसपास कोंबड्या गेल्या.

भरपाई ठरली. अंड्यावरच्या कोंबडीला ४० रुपये, ब्रॉयलरला ३०.

हा दर ठरवताना डोळ्यांपुढे शेडमधली कोंबडी होती. तिचं वय वहीत लिहिलेलं असतं, आतापर्यंत किती खाल्लं तेही लिहिलेलं, आणि दीडेक वर्षात ती तशीही मोडीत जाणार असते. तिचा हिशेब ४० रुपयांत बसवता येतो. मालक त्यावरही खूश नव्हते, त्यांचंही कर्जाचं ओझं होतंच. पण परसातल्या कोंबडीचा हिशेब त्या वहीत बसतच नाही. सहा कोंबड्या गेल्या, हाती २४० रुपये. बाजारात गावठी कोंबडी तेव्हाही याहून बऱ्याच जास्त भावानं जायची, ते एक सोडा. खुडूक बसलेल्या कोंबडीखालची तेरा अंडी कोणी मोजली? बहिणीला निम्म्यानं दिलेली तलंग कोणाच्या नावावर मांडली? घरातली यादी पुरुषाच्या नावानं झाली, तर पैसे कोणाच्या हातात गेले? गाई-म्हशीच्या कानाला बिल्ला असतो. कोंबडीच्या पायाला आपण फार तर रंगीत चिंधी बांधतो, ती शेजारणीला ओळखू यावी म्हणून.

आणि नुसते पैसे नव्हते गेले. खड्डे बुजवले, औषधं फवारली, त्यानंतरही महिनोन् महिने नवी कोंबडी आणायची नाही असा नियम होता. तो बरोबरच होता. ११ ऑगस्ट २००६ ला सरकारनं देश बर्ड फ्लूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. फेब्रुवारी ते ऑगस्ट. त्या दरम्यान लग्नसराई गेली, पेरणी गेली, शाळा उघडल्या. हातउसनं मागायला जायची ती वेळ, आणि नेमकी तेव्हाच बाईची ती छोटी पेटी रिकामी.

शेडमधल्या मजुरांचं काय झालं, याचा तर कुठे आकडाच नाही. शेड रिकामी म्हणजे काम बंद. मालकाला कोंबडीमागे भरपाई, मजुराला बुडालेल्या दिवसामागे काही नाही. आम्ही त्या काळातल्या बातम्या वाचल्या तेव्हा एक गोष्ट टोचली. कोंबड्यांचा आकडा प्रत्येक बातमीत आहे. अंडी वेचणाऱ्या बायांचा नाही.

आपण साक्रीकर लांब होतो असं वाटत असेल तर तेही खरं नाही. आपल्या शेतातला मका जातो कुठे? बराचसा कोंबडीच्या खाद्यात. देशभर लोकांनी चिकन सोडलं, रेल्वेनं जेवणातून कोंबडी काढली, अंड्याचे भाव पडले आणि त्यामागून मका आणि सोयाबीनचेही. ज्यांच्या घरी कोंबडीचं पीसही नव्हतं त्यांच्या कणसाला त्याचा फटका बसला. २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हाही आधी अफवा उठली ती चिकनचीच, आणि लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या ते तुम्हाला आठवत असेल.

आता, रोग आला कुठून? तेव्हा बोट दाखवलं गेलं उडत्या पक्ष्यांकडे आणि परसातल्या कोंबड्यांकडे. उघड्यावर फिरते, काहीही खाते, हीच रोग पसरवते, असं मोठे लोक म्हणू लागले. काही देशांत तर मोकळ्या कोंबड्या पाळण्यावरच निर्बंध आले. त्याच फेब्रुवारीत ग्रेन नावाच्या, शेतकऱ्यांच्या बाजूनं अभ्यास करणाऱ्या संस्थेनं याच्या उलट मांडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पक्ष्यानं रोग आणला तरी तो भडकतो तिथे, जिथे एकाच वाणाच्या हजारो कोंबड्या एका छपराखाली दाटीनं असतात. आणि तो लांब जातो तो पिल्लांच्या खोक्यांतून, अंड्यांच्या ट्रेमधून, ट्रकच्या चाकांवरून. सगळ्या शास्त्रज्ञांचं यावर एकमत आहे असं नाही, जंगली पक्षीही रोग नेतात हे सिद्ध झालं आहे. पण नवापुरात क्रम काय होता? आधी बोंब उठली ती शेडमधून. परसातल्या कोंबडीला मरण आलं ते शेडच्या शेजारी राहते म्हणून. ज्या धंद्याच्या नफ्यात तिच्या मालकिणीचा पैचाही वाटा नव्हता, त्याची जोखीम तिनं भरली. गाडीवरची प्लेट स्वस्त का, याचं एक उत्तर हे आहे.

दुसरं उत्तर शेडच्या आत आहे, आणि ते आपल्या गटांच्या प्रश्नाला जास्त जवळचं.

करारावरच्या ब्रॉयलरचं काम कसं चालतं ते ज्या बायांनी केलं आहे त्या सांगतात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, उचलायची कधी ते कंपनी ठरवणार. शेड, वीज, पाणी, खाली पसरायचं तूस आणि मेहनत आपली. चाळीसेक दिवसांत दोन किलोचा पक्षी तयार होतो आणि किलोमागे ठरलेली वाढवणी मिळते. खाद्य जास्त लागलं, मर जास्त झाली, की त्यातून कापून घेतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ऊब लागते, तेहतीस-चौतीस अंशांची. वीज गेली की शेगडी पेटवायला रात्री कोण उठतं? वैशाखात उलट, पत्र्यावर पाणी मारायचं, गोणपाटं भिजवायची, नाहीतर दुपारीत शंभर पक्षी माना टाकतात. तूस उलथताना अमोनियाची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. कागदावर शेतकरी म्हणून पुरुषाचं नाव, सुपरवायझर आला की बोलतो पुरुषाशी. आणि या कामाला ‘जोडधंदा’ म्हणतात, म्हणजे स्वयंपाक, पाणी, निंदणी यांच्यावर जोडलेला.

औषधाचंही बघा. इतक्या दाटीत पक्षी जगवायचे म्हणून आणि वजन लवकर यावं म्हणून अँटिबायोटिक खाद्यातून द्यायची पद्धत पडली. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं २०१४ मध्ये कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत अशा औषधांचे अंश मिळाले. कोलिस्टिन नावाचं औषध माणसाला अगदी शेवटच्या वेळी देतात, बाकीची औषधं चालेनाशी झाली की. तेच कोंबड्यांना वजनासाठी दिलं जात होतं. २०१९ च्या जुलैमध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. सतत औषध खाल्लं की जंतू त्याला सरावतात आणि मग माणसाच्या जखमेला, बाळंतिणीच्या तापाला तेच औषध लागू पडत नाही. या खर्चाचं बिल कुठल्याच गाडीवर लावलेलं नसतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला. पुन्हा पांढरे झगे, पुन्हा खड्डे, पुन्हा लाखांनी कोंबड्या. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात हरियाणातला एक लहान मुलगा एच-५-एन-१ नं गेला. भारतातला तो या रोगाचा पहिला मानवी बळी. म्हणजे २००६ ची भीती पोकळ नव्हती, आणि २००६ पासून शेडची रचना फारशी बदललीही नाही.

तर मग त्या दोन गटांना आम्ही काय सांगितलं? शेड टाकू नका असं नाही सांगितलं. काही बायांचं त्यात बरं चाललं आहे, हे आमच्या डोळ्यांसमोर आहे. आम्ही म्हटलं, करारनामा गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या, आणि मराठीत नसेल तर सही करू नका. पक्षी कंपनीचे आहेत, तर उद्या सरकारनं ते मारले आणि भरपाई दिली, ती कोणाच्या नावावर येणार? शेड महिनोन् महिने रिकामी राहिली तर बँकेचा हप्ता कोण भरणार, कंपनी की गट? वजनाच्या वेळी काटा कोण बघणार? करारावर नाव कोणाचं, काम करणारीचं की सातबारावाल्याचं? एजंटला हे चार प्रश्न विचारले तर तो रागावेल. रागावू द्या. एका गटानं विचारले, तेव्हा तो पुन्हा येतो म्हणून गेला, अजून आलेला नाही. दुसऱ्या गटाचं बोलणं चालू आहे.

आणि शेड टाकलीच, तर शेडमधलं लुगडं, चप्पल वेगळी ठेवायची, हात-पाय धुऊनच घराकडे यायचं. घरची कोंबडी शेडकडे फिरकू द्यायची नाही. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर उघड्या हातांनी उचलायच्या नाहीत, नाल्यात टाकायच्या नाहीत, स्वस्तात विकायच्या तर नाहीतच. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवायचं. गटाच्या वहीत एक पान कोंबड्यांसाठी ठेवा: कोणीच्या किती, पिल्लं किती, निम्म्यानं दिलेल्या किती, खुडूक कोण बसली आहे. हसू नका. पथक अंगणात आलं की तोंडी सांगितलेलं कोणी लिहून घेत नाही, लिहिलेलं दाखवता येतं.

२००६ नंतर पाड्यांवर कोंबड्या परत कशा आल्या, हे आम्ही तिकडे लेकी दिलेल्या आमच्या बायांना विचारलं. तर म्हणे, माहेराहून. बंदी उठल्यावर ज्या गावात रोग पोचला नव्हता तिथल्या आईनं, मावशीनं, वहिनीनं अंडी दिली, बारा-पंधरा, फडक्यात बांधून, भुशात ठेवून. पण अंडी आली तरी बसवायला खुडूक कोंबडी हवी, आणि पाड्यावर तर एकही उरली नव्हती. म्हणून मग एक खुडूक कोंबडीही द्यावी लागली, डालग्यात घालून, एस.टी.नं. कंडक्टरनं तिचं तिकीट घेतलं की नाही, यावर अजून त्या बायांचं एकमत नाही.